आधी विचारा, ‘तुझ्या घरात काय आहे?’

गेल्या वर्षीची गोष्ट. जुम्याची नमाज आटोपून आम्ही दुकान उघडत होतो, तोच आमच्याकडे शिवणकाम करणारे मास्तर धाकट्या मुलाला घेऊन आले. मास्तरांचा आणि आमचा संबंध तीस वर्षांचा. आमचे कापड आणि त्यांची कात्री यांतून मोरगाव-सुप्याच्या किती लग्नांचे कपडे निघाले, याचा हिशेब नाही. मुलगा पुण्यात शिकून पदवीधर झालेला. त्याला विलायतेतील एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले होते. विषय होता ‘सामाजिक उद्योजकता’. खर्च लाखांच्या घरात. मास्तरांनी रस्त्याकडेची वीस गुंठे जमीन विकायचे मनाशी ठरवले होते आणि उरलेल्या रकमेसाठी ते आमच्या गादीवर येऊन बसले होते.

चहा झाल्यावर मास्तरांनी विचारले, ‘‘भाई, एवढेच सांगा, हा धंदा आहे की खैरात? धंदा असेल तर पोरगा आपल्या दुकानात शिकेल. खैरात असेल तर ती शिकायला जमीन कशाला विकायची?’’

प्रश्न साधा होता, पण उत्तर आमच्याजवळ नव्हते. आमची तालीम उर्दू माध्यमातील, इंग्रजी कामापुरते. म्हणून विद्यापीठाचे माहितीपत्रक मुलाकडूनच वाचून घेतले. त्यात लिहिले होते की, पहिली दोन सत्रे वर्गात आणि तिसरे सत्र समाजात. म्हणजे विद्यार्थ्याने आशिया किंवा आफ्रिका खंडातील एखाद्या गरीब भागात जायचे, लोकांच्या घरी राहायचे, त्यांची एखादी अडचण समजून घ्यायची आणि त्यांच्याच मदतीने ती सुटेल असा छोटा उद्योग उभा करायचा.

आम्हाला हसू आले. मोरगावच्या मुलाने जमीन विकून विलायतेला जायचे, आणि तिथल्या गुरुजींनी त्याला शिकायला पुन्हा मोरगावसारख्याच गावी धाडायचे! पण मुलगा हसला नाही. म्हणाला, ‘‘चाचा, गाव तेच असेल. पण गावात जाऊन काय विचारायचे, ते मला इथे कोण शिकवणार?’’

आम्ही दोघांनाही महिनाभर थांबायला सांगितले. त्या महिन्यात जे वाचले, ऐकले आणि शेवटी आमच्याच मोहल्ल्यात जे पाहिले, ते समाजबांधवांपुढे ठेवत आहोत.

धंदा की खैरात?

आपण दुकानदार लोक. आपल्याला दोन वह्या माहीत. एक नफा-तोट्याची, दुसरी जकात-सदक्याची. पहिल्या वहीत गिऱ्हाईक असते, दुसऱ्या वहीत गरजू. सामाजिक उद्योजकता म्हणजे या दोन वह्यांची एक वही करणे. धंदा धंद्यासारखाच करायचा, माल चोख द्यायचा, हिशेब ठेवायचा, पण तो उभा करायचा समाजाची एखादी गरज भागावी म्हणून. नफा झाला तर तो त्याच कामात परत घालायचा.

या विषयाला जगात मान मिळाला तो गेल्या चार दशकांत. अमेरिकेतील बिल ड्रेटन यांनी १९८० साली ‘अशोका’ ही संस्था काढून अशा उद्योजकांना हात द्यायला सुरुवात केली. संस्थेला नाव दिले ते आपल्या सम्राट अशोकाचे. १९९३ साली हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने हा विषय हाती घेतला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २००७ साली त्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला.

मुलांना गावात का धाडतात, हेही हळूहळू ध्यानात आले. फायद्याची वस्तू समोर असूनही गरीब माणूस ती का घेत नाही, हे कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. ते त्याच्या ओसरीवर बसल्यावरच कळते. त्यासाठी मुलांना तिथे ठेवतात. आधी ऐका, मग छोटी वस्तू करा, ती मोडली की पुन्हा करा, आणि तुम्ही निघून गेल्यावर मागे काय चालू राहिले ते सांगा, असा हा एकूण अभ्यास.

शेजारची विद्यापीठे

आता वाचकहो, गंमत अशी की, ज्या गावांत हा अभ्यास चालतो, त्यांतली काही गावे आपल्या अंगणात आहेत.

बारामती ओलांडली की फलटण. मॅक्सीन बर्नसन नावाच्या अमेरिकन विदुषी फलटणला आल्या त्या तिथल्या लोकांची मराठी बोली अभ्यासायला. कोणत्या आळीत कोण कसे बोलतो, यावर त्यांनी अमेरिकेतील विद्यापीठात डॉक्टरेट केली. पुढे १९७८ साली त्या भारताच्या नागरिक झाल्या आणि १९८४ साली त्यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली. शाळेच्या आधी त्या लोकांची बोली शिकल्या, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

त्याच फलटणात बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. बकरी ईदचा माल घेणारे आपले व्यापारी बंधू या संस्थेचे नाव ओळखतात, कारण बोअर जातीची शेळी ऑस्ट्रेलियातून या भागात आणली ती याच संस्थेने. पण त्यांचे खरे काम मेंढीवर आहे. आपली दख्खनी मेंढी सहसा एका वेळी एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातील गरोळ नावाच्या लहानखुऱ्या मेंढीत जुळी कोकरे देण्याचा गुण आहे. तो गुण दख्खनी मेंढीत आणण्याचे काम संस्थेने केले. डॉ. चंदा निंबकर यांनी ऑस्ट्रेलियातील विद्यापीठातून डॉक्टरेट केली ती इथल्याच मेंढ्यांवर. नव्या मेंढीला त्यांनी ‘नारी सुवर्णा’ हे नाव दिले. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. ही मेंढी संस्थेच्या वाड्यात ठेवून फक्त आकडे काढले नाहीत. ती धनगरांच्या कळपात दिली. कारण जुळी कोकरे कागदावर नफ्याची असली, तरी ज्याचा कळप चाऱ्यासाठी कोसोकोस चालतो, त्याला आईचे दूध दोघांना पुरेल का आणि चालताना दोन कोकरे सांभाळायची कोणी, हा प्रश्न असतो. तो प्रश्न फक्त मेंढपाळालाच ठाऊक.

फलटणहून दहिवडीमार्गे पुढे गेले की म्हसवड. आमच्या धंद्यात हे गाव घोंगडी-जेनसाठी माहीत. तिथे चेतना सिन्हा यांनी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला पाच-दहा रुपये शिल्लक टाकायला कोणतीही बँक दारात उभी करत नव्हती, यातून ही कल्पना निघाली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक बायांनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. बाया खचल्या नाहीत. लिहाय-वाचायला शिकल्या, पुन्हा मुंबईला गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की, आम्ही व्याजाचा हिशेब तोंडी करतो, तुमच्या माणसांनी यंत्राशिवाय करून दाखवावा. परवाना मिळाला. पुढे बाजारात बसणाऱ्या बायांना बँकेत यायला वेळ नाही म्हणून बँक त्यांच्याकडे गेली. खात्यासाठी गुप्त आकडा द्यायचा बेत झाला, तेव्हा बायाच म्हणाल्या की आकडा घरातले कोणीही काढून घेईल, अंगठा मात्र कोणाला चोरता येणार नाही. ज्या अंगठ्याने परवाना अडवला, तोच शेवटी तिजोरीची किल्ली झाला! परदेशी विद्यापीठांतील मुले म्हसवडला येऊन राहतात, ती या बायांकडून शिकायला.

तिसरे गाव आपल्याच जिल्ह्यातले, शिरूर तालुक्यातील पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधील मोठ्या पदावरचे शास्त्रज्ञ. ते सोडून त्यांनी १९८३ साली या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुले तिथे वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीजकाम, शेती असे सगळे हाताने करून शिकतात आणि शिकता शिकता गावाची कामे करून देतात. अमेरिकेतील एमआयटी या नामांकित संस्थेने आपली ‘फॅब लॅब’, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, आपल्या देशाबाहेर प्रथम उभारायचे ठरवले, तेव्हा २००२ साली तिने पाबळ निवडले. आपल्या गॅरेजवाल्यांनी आणि फॅब्रिकेशनवाल्यांनी आपल्या नववी नापास मुलाला घेऊन एकदा पाबळची वाट धरावी, असे आम्ही आवर्जून सांगतो.

जोबऱ्याचा व्यापारी

या विषयात मुसलमानांचे नाव घ्यायचे तर पहिले डॉ. मुहम्मद युनूस यांचे. तेही अमेरिकेत शिकले आणि १९७२ साली बांगलादेशात परतले. चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवताना बाहेर दुष्काळ पडला. वर्गातल्या सिद्धांतांनी त्यांचे समाधान होईना. तेव्हा ते विद्यार्थ्यांना घेऊन विद्यापीठाशेजारच्या जोबरा गावात घरोघर फिरले. तिथे बांबूची मोडे विणणाऱ्या बाया होत्या. हातात हुनर होते, पण बांबू घ्यायला पैसे नव्हते. बांबूचे पैसे व्यापारी देई आणि तयार मोडे त्यालाच, त्याच्याच भावात विकायचे, अशी अट घाली. दिवसभराच्या कष्टाचे बाईच्या हाती काही उरत नसे. युनूस यांनी यादी केली. बेचाळीस माणसे निघाली आणि त्या सगळ्यांची मिळून गरज होती अवघी सत्तावीस डॉलरची. त्यांनी ती स्वतःच्या खिशातून दिली. त्यातून १९८३ साली ग्रामीण बँक झाली आणि २००६ साली नोबेल पुरस्कार मिळाला.

ही हकीकत आम्ही पूर्वीही ऐकली होती आणि प्रत्येक वेळी युनूस यांच्या जागी उभे राहून ऐकली होती. या वेळी मुलाने वाचून दाखवली तेव्हा प्रथमच मनात आले की, या गोष्टीत आपल्यासारखा माणूस कोण? बांबूचे पैसे देणारा तो व्यापारी. आमच्या गादीवरून किती शिवणाऱ्यांना आम्ही उचल दिली आणि भाव आम्हीच ठरवला, याचा हिशेब अल्लाहला ठाऊक.

ग्रामीण बँक व्याज घेते, ही आपल्या वाचकांची अडचण खरी आहे. तिचे उत्तर २००१ साली लाहोरमध्ये डॉ. अमजद साकिब यांनी ‘अखुवत’ काढून दिले. कर्जे हसना, म्हणजे बिनव्याजी कर्ज, एका गरजू बाईला दहा हजार रुपये देऊन सुरू झाले. पुढे कर्जवाटप मशिदींतून होऊ लागले. अल्लाहच्या घरात घेतलेले कर्ज माणूस सहसा बुडवत नाही. डॉ. साकिब यांना २०२१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पहिला प्रश्न

या सगळ्यांत समान काय, याचा विचार करता करता आम्हाला लहानपणी मदरशात ऐकलेली हदीस आठवली. एक अन्सारी सहाबी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागायला आले. प्रेषितांनी (स.) त्यांना विचारले की, तुझ्या घरात काही आहे का? घरात एक घोंगडी आणि पाणी प्यायचा एक पेला होता. प्रेषितांनी (स.) त्या दोन्ही वस्तू मागवून त्यांचा लिलाव केला. दोन दिरहम आले. एका दिरहमचे घरच्यांना अन्न घ्यायला लावले. दुसऱ्याची कुऱ्हाड आणवली, स्वतःच्या हाताने तिला दांडा बसवला आणि सांगितले, लाकूड तोडून विक, पंधरा दिवस मला दिसू नकोस. पंधरा दिवसांनी ते आले तेव्हा त्यांच्याजवळ दहा दिरहम होते.

ही हदीस आपण कष्टाचे महत्त्व सांगताना नेहमी सांगतो. पण तिच्यातला क्रम आमच्या ध्यानात आला नव्हता. कुऱ्हाड शेवटी आली. सुरुवात झाली ती प्रश्नाने. तुझ्या घरात काय आहे?

अकरा मशिनी

सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही काही व्यापाऱ्यांनी रमजानमध्ये जकातीची रक्कम एकत्र करून आसपासच्या अकरा गरजू बायांना शिलाई मशिनी दिल्या होत्या. कार्यक्रम झाला, मशिनींना हार घातले, फोटो निघाले. आम्ही सवाब पदरी पडल्याच्या समाधानात घरी आलो. त्यानंतर त्या मशिनींचे काय झाले, हे आम्ही कधी विचारले नाही.

मास्तरांच्या मुलाला आम्ही म्हणालो, ‘‘बेटा, तुला विलायतेत जे करायला लावणार आहेत, ते आधी इथे कर. त्या अकरा घरांत जा.’’

बायांच्या घरात परक्या तरुणाने कसे जावे? म्हणून त्याची अम्मी बरोबर गेली. ती आत बसे, तो बाहेर ओसरीवर वही घेऊन. पहिल्या फेरीत काहीच कळले नाही. मशीन चांगली आहे, दुवा करतो, एवढेच सगळ्या बोलल्या. दाता विचारतो तेव्हा गरीब माणूस खरे बोलत नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीत, चहा-भाकरी झाल्यावर, खरे बाहेर आले. अकरांपैकी तीन मशिनी आजारपणात विकल्या गेल्या. एक मुलीच्या लग्नात गेली. चार बंद पडून वर चादरी-भांडी ठेवायच्या कामी आल्या होत्या. त्यातल्या दोन फक्त पट्टा आणि बॉबिन केसअभावी बंद होत्या. चालू होत्या तीन.

कारणे ऐकून आमची मान खाली गेली. बायांना टीप मारता येत होती, पण बेतणे कोणी शिकवले नव्हते. रेडिमेडमुळे गावात शिवायला काम उरले नव्हते. काम आणून देणारे कोणी नव्हते. एक बाई मुलाच्या अम्मीला म्हणाली, ‘‘मशीन दिली, पण कपडा कोणी दिला नाही. कपडा तर भाईंच्याच दुकानात होता.’’

मग मुलाने दुसरा प्रश्न विचारला. तुमच्या घरात काय आहे? उत्तर प्रत्येक घरात अंथरलेले होते. गोधडी. त्या अकराही बायांना हाताने गोधडी शिवता येत होती. आणि आमच्या घरात काय होते? ताग्यांची शेवटे आणि कटपीसचे तुकडे, जे आम्ही किलोवर चिंधीवाल्याला घालत होतो. गावाच्या घरात काय होते? मयूरेश्वराचे देवस्थान. चतुर्थीला आणि माघ-भाद्रपदाच्या यात्रेला हजारो भाविक येतात, आणि २०१८ साली राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आल्यापासून पेढे-नारळ कशात द्यायचे, ही दुकानदारांची तक्रार चालूच होती.

यातून दोन कामे निघाली. बाळाच्या लहान गोधड्या आणि प्रसादाच्या कापडी पिशव्या. तुकडे आम्ही उधार दिले, माल विकल्यावर पैसे. शिलाईचा दर बायांनी बसून ठरवला. खरे सांगायचे तर तो आम्हाला जड वाटला, पण जोबऱ्याचा व्यापारी आठवून आम्ही गप्प राहिलो. पिशव्यांचा पहिला गठ्ठा परत आला. नारळाच्या वजनाने बंद उसवत होते. मास्तरांनी बंदाला दुहेरी घडी आणि आडवी टीप शिकवली, मग माल टिकू लागला. बंद मशिनींची दुरुस्ती करायला सहा व्यापाऱ्यांनी मिळून छोटा बिनव्याजी निधी केला. तो जकातीतून नव्हे, ऐच्छिक रकमेतून केला, कारण जकातीचे नियम वेगळे आहेत आणि ते आलिमांना विचारूनच पाळावेत.

मोठे यश मिळाले असे आम्ही म्हणणार नाही. आज पाच बायांना नियमित काम आहे. दोघींनी मध्येच सोडले. एकीने आमचे काम सोडून स्वतःचे ब्लाउजचे काम सुरू केले, तिची उलट आम्हाला खुशी आहे. एकीकडे निधीचे पैसे अडकले, पण तिच्या घरातले दुखणे पाहून सर्वांनी ते माफ केले. पिशवीत फायदा थोडा आणि पावसाळ्यात मागणी कमी. गोधडी पुण्याला जाऊ लागली आहे, इन्शाअल्लाह तीच पुढे चालेल.

मुलाने परदेशी विद्यापीठाकडून एक वर्षाची मुदत मागून घेतली आणि मुंबईच्या संस्थेतही अर्ज टाकला आहे. आता त्याच्या अर्जाला अकरा घरांची वही जोडलेली आहे. जिथे फी माफ होईल तिथे तो जाईल. उरलेली रक्कम आम्ही कर्जे हसना म्हणून देणार, तीही कुरआनच्या शिकवणीप्रमाणे लिहून आणि दोन साक्षीदार ठेवून. जमीन विकायची नाही, एवढे मास्तरांचे आणि आमचे ठरले आहे. तो शिकायला जावा, असेच आम्हाला वाटते. परदेशी विद्यापीठात जगभरची उदाहरणे, हिशेबाची शिस्त आणि चार देशांचे सोबती मिळतात, ते मोरगावात मिळणार नाहीत. पण रिकाम्या हाताने गेला असता तर त्याने फक्त ऐकले असते. आता तो तिथे चार गोष्टी सांगेलही.

व्यापारी बंधूंना आणि मशिदीच्या जिम्मेदारांना आमची विनंती एवढीच आहे. या रमजानला नवीन मशिनी, हातगाड्या वाटण्याआधी गेल्या वेळच्या मशिनी आणि हातगाड्या कुठे आहेत ते जाऊन पाहा. गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला वही देऊन घरोघर पाठवा. तीन-चार वेळा पाठवा, कारण पहिल्या वेळी कोणी खरे सांगत नाही.

मास्तरांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही परवा त्यांना दिले. हा धंदाही आहे आणि खैरातही. फक्त यात देणाऱ्याला आधी घेणाऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते. मास्तर पिशवीच्या बंदाला टीप मारत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘मग भाई, ओसरीवर बसायला तुम्हीपण यायला हवे होते.’’

खरे आहे. पुढच्या फेरीला आम्ही जाणार आहोत.